गळ्याचं माप

माणसाचं अंग सुटतं, उतरतं, कंबर कुठल्या कुठे जाते, पण मान आहे तशीच राहते. ताई ज्या शिंपीमास्तरांच्या हाताखाली शिकली, त्यांनी तिला हे अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. ताईने ते इतकं मनावर घेतलं, की नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला ती पुन्हा टेप लावायचीच नाही. गळ्याचं माप एकदा घेतलं की जन्मभराचं. बाकीच्या अंगाचा मात्र भरवसा नाही. धाकट्या बहिणीच्या अंगाचा तर मुळीच नाही, हे तिला त्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून तिच्या पोटात दुखायला लागलं.

हे पोटातलं दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याचं बरं चाललेलं पाहून जे दुखतं, ते हे.

या दोघी बहिणी लहानपणापासून गोल. वडील होते तोवर थोरलीला मोठा ढब्बू आणि धाकटीला छोटा ढब्बू म्हणायचे, आणि दोघींना एकाच काट्यावर उभं करून हसायचे. पुढे थोरली शिवणकाम शिकली, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. धाकटी एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर लागली, बोटीवरच्या माणसाशी लग्न केलं, आणि दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. नवरा वर्षातला बराच काळ समुद्रावर. नोकरी धाकटीची चांगली, नवरा धाकटीचा देखणा, गालावर खळीसुद्धा धाकटीच्याच. पण ढब्बूपण दोघींचं सारखं होतं. ताईला त्याचा केवढा आधार होता, हे तो आधार सुटल्यावर तिला समजलं.

सुटला तो कोटाच्या शिवणीतून. धाकटी एक दिवस हॉटेलचा कोट घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, बाजूने जरा आत घे गं, फार ढगळ होतोय." ताईने आत घेतला. महिना झाला नाही तोच ती पुन्हा दारात. "अजून आत घे." तिसऱ्या खेपेला ताईने टाचण्या तोंडात धरूनच विचारलं, "उपाशी राहतेस की काय?"

"उपाशी? अगं, दुप्पट खाते मी! सकाळी चार अंडी, अख्खा पाव. अकरा वाजता पुन्हा पोटात कावळे. आणि तरी बघ." तिने कोट उघडून दाखवला. आत दुसरी एक धाकटी मावली असती एवढी जागा होती.

ताईने कोटाच्या बाजू चिमटीत धरल्या. तोंडात टाचण्या होत्या हे बरंच झालं.

आतल्या खोलीतून आई बाहेर आली आणि धाकटीकडे पाहून तिचा चेहरा असा काही खुलला, की ताईला आपल्या पाठीवरचं मांस एकदम जड वाटायला लागलं. "काय दिसतेस गं! भिंगरी झालीयेस नुसती, भिंगरी!" आणि त्या दिवसापासून धाकटीचं नाव भिंगरीच पडलं. छोटा ढब्बू गेला. मोठा ढब्बू एकटाच राहिला, मशीनवर.

ताईला यात खुपायचं कारण होतं. ती काही आळसाने जड झालेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला बसल्या जागी झोप यायला लागली, थंडी वाजायची, केस विंचरताना फणीत झुबके यायचे, आणि काज करायला घेतलं तर एका काजात दुपार जायची. आई म्हणायची, "गोगलगाय झालीये आमची." शेवटी ताई एका ग्रंथींच्या डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाठीमागे उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला आणि म्हणाल्या, "पाण्याचा एक घोट घ्या. आता गिळा." मग रक्त तपासलं, आणि समजावून सांगितलं. गळ्यात पुढच्या बाजूला, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉईड. तिच्यातून रक्तात जो रस सुटतो, त्यावर अख्ख्या शरीराचा वेग ठरतो. हृदय किती ठोके टाकणार, खाल्लेलं किती लवकर जळणार, अंग किती गरम राहणार, सगळं.

"म्हणजे मशीनचं पायडल," ताई म्हणाली.

"अगदी बरोबर," बाई हसल्या. "आणि पायडल कधी जोरात मारायचं, कधी हळू, हे सांगणारी एक मालकीण असते. मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी. तुमची मालकीण ओरडून ओरडून थकलीये, पण पायडल काही हलत नाही."

तेव्हापासून ताई रोज उठल्याबरोबर, उपाशी पोटी, एक पांढरी गोळी घ्यायची. चहासाठी त्यानंतर थांबावं लागे, आणि ते थांबणं तिला शिक्षेसारखं वाटे. गोळीने झोप कमी झाली, केस टिकले, काज वेळेत होऊ लागले. पण कंबर काही फारशी उतरली नाही. तिने तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "गोळी तुम्हाला तुमच्या जागेवर आणते. उडवत नाही."

आणि इथे ही भिंगरी उडत होती, गोळीशिवाय, चार अंडी आणि अख्खा पाव खाऊन!

गिऱ्हाइकं जखमेवर मीठ चोळायला होतीच. "तुमची बहीण ना ती? कित्ती छान बारीक झालीये! डोळे काय सुंदर दिसतात तिचे आता, मोठ्ठे मोठ्ठे. तुम्हीही विचारा ना तिला, काय करते ते." ताई गोड हसायची आणि त्या बाईचे कपडे उगाच एक दिवस उशिरा द्यायची.

डोळे खरंच मोठे दिसायला लागले होते. कोणाशीही बोलताना भिंगरी अशी बघायची, जणू समोरच्याने काहीतरी अद्भुत सांगितलंय. चार माणसांचं काम एकटी करायची. रात्री झोप येत नाही म्हणून पहाटे उठून घर पुसायची आणि उजाडताच इथं येऊन आईच्या खोलीतली कपाटं आवरायची. थंडीच्या दिवसांत दुकानात शिरली की पहिलं काम पंखा लावण्याचं. ताई अंगावर शाल ओढायची, भिंगरी कपाळावरचा घाम पुसायची. "तुला कशी गं थंडी वाजते?" ती हसत विचारायची. त्या हसण्याने ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची, तरी शाल काही सुटायची नाही.

एकच सुख ताईला मिळालं. एकदा तिने भिंगरीला सुईत दोरा ओवायला दिला, आणि भिंगरीला तो ओवता येईना. बोटं बारीक थरथरत होती. चार वेळा प्रयत्न करून तिने सुई परत दिली. ताईने ती पहिल्याच प्रयत्नात ओवली, अगदी सावकाश, तिला दिसेल अशी. मग दिवसभर ती गुणगुणत होती. बहिणीचे हात थरथरले म्हणून गाणं सुचावं, इतकं माणूस खाली जातं, आणि आपण खाली चाललोय हे त्याला गाताना कळतही नाही.

मग ते जॅकेट आलं.

हॉटेलात भिंगरीला बढती मिळाली. स्वागतकक्षाची मुख्य. नव्या इमारतीचं उद्घाटन होणार होतं, मोठमोठे पाहुणे यायचे होते, आणि दारात पहिलं स्वागत तिने करायचं होतं. त्यासाठी गडद निळ्या कापडाचं, बंद गळ्याचं जॅकेट हवं होतं. "हॉटेलवाले त्यांच्या शिंप्याकडे पाठवत होते," भिंगरी म्हणाली, "मी म्हटलं, माझी ताई शिवणार. दुसऱ्या कुणाचा हात मी अंगाला लावून घेत नाही."

आई म्हणाली, "बघ किती मान देते तुला."

मान! ताईला वाटलं, हिने मला शिवणकाम द्यायचं आणि मी ते उपकार म्हणून घ्यायचं. पण कापड हातात आलं आणि तिचा राग जरा बाजूला झाला, कारण कापड फार सुंदर होतं. तिने खांदे नव्याने मोजले, छाती, कंबर, बाह्या मोजल्या. सगळं कमी भरलं. गळा अर्थातच मोजला नाही. गळा तिला तोंडपाठ होता. भिंतीवरच्या खिळ्याला धाकटीच्या गळ्याच्या मापाने कापलेला खाकी कागद वर्षानुवर्षं लटकत होता, त्यावरूनच तिने कॉलर कापली, पुढे आटू नये म्हणून पाण्यात भिजवून वाळवलेलं, कॉलर ताठ ठेवणारं बकरम आत घातलं, आणि कच्ची शिलाई मारून ठेवली.

ट्रायलला भिंगरी आरशासमोर उभी राहिली. जॅकेट खांद्यांवर असं बसलं, की ताईचा स्वतःच्या हातावरच जीव जडला. कंबरेला एक सुरकुती नाही. मग तिने गळ्याचा हुक लावायला घेतला आणि तो लागेना. तिने कापड ओढलं. हुक लागला, आणि भिंगरीने खोकून गळ्यात बोट घातलं.

"ताई, आवळतंय गं."

"उभी राहा सरळ."

"सरळच आहे. आवळतंय."

ताईने हुक काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्यांदा तो गळा मोजला. टेप खाकी कागदापेक्षा चांगला बोटभर पुढे गेला. तिने पुन्हा मोजला. तितकंच. कंबर उतरली, दंड उतरले, मनगटाची हाडं दिसायला लागली, आणि मान वाढली? मास्तरांच्या शिकवणीत हे बसत नव्हतं.

"पाणी दे गं जरा," भिंगरी म्हणाली, "घसा कोरडा पडलाय." टेबलावरचा ग्लास तिने स्वतःच उचलला आणि घोट घेतला. ताई तिच्या मागे उभी होती, हातात टेप, आणि समोर आरसा. त्या घोटाबरोबर भिंगरीच्या गळ्यात पुढच्या बाजूला काहीतरी मऊ, रुंद, वर सरकलं आणि खाली आलं.

पाण्याचा एक घोट घ्या. आता गिळा.

ताईला सगळं एकदम समजलं. तिला कुणी सांगायला नको होतं. घाम, भूक, झोप, थरथर, डोळे. पायडलवर कुणीतरी उभं राहून नाचत होतं. आणि त्याच क्षणी, तो क्षण संपायच्या आतच, तिच्या मनात दुसरी गोष्ट आली: म्हणजे हे रूप हिचं नाहीच. आणि लगेच तिसरी: मी आत्ता सांगितलं तर काय होईल? आई छातीशी धरून रडेल. नवरा बोट सोडून येईल. गल्लीतल्या बायका फळं घेऊन येतील. माझ्या गळ्यात दुखणं निघालं तेव्हा मी गोगलगाय झाले, हिच्या गळ्यात निघालं तर ही राणी होईल. दुखण्यातसुद्धा मानाचा पाट हिलाच!

"ताई? मान जाड झाली का गं माझी?" भिंगरीने आरशातून विचारलं. मोठ्ठे मोठ्ठे डोळे, विश्वासाने भरलेले.

"छे," ताई म्हणाली. "बकरम आटलंय."

"अस्सं होय."

"कधी कधी आटतं. मी कॉलर नवी कापते."

उद्घाटन झालं की सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. चार दिवसांनी काय बिघडतंय? उगाच ऐन वेळी पोरीला घाबरवायचं कशाला? मनाला लाच द्यायला माणसाला शब्द कमी पडत नाहीत. त्या चार दिवसांत ताईने जी कॉलर शिवली, तशी तिने पूर्वी कधी शिवली नव्हती. उंच, आत जादा कापडाची माया ठेवून, बाहेरून ताठ आणि आतून सैल. घातल्यावर भिंगरीचा गळा हनुवटीपर्यंत झाकला गेला. कुणाच्याही नजरेला आत काही दिसलं नसतं.

"ताई, तुझ्या हाताला तोड नाही," भिंगरी म्हणाली आणि तिला मिठी मारली. जॅकेटच्या आतून तिचं काळीज ताईच्या छातीवर इतकं जोरात आपटत होतं, की ताईने तिला जरा लवकरच दूर केलं.

उद्घाटनाला आई आणि ताई दोघी गेल्या. दारात फुलांच्या कमानीखाली भिंगरी उभी होती, गडद निळ्या जॅकेटात, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघत होता. आई दर दोन मिनिटांनी ताईला कोपर मारत होती. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. जॅकेट माझं, तिला वाटत होतं, आणि बघतायत सगळे हिला.

पाहुण्यांच्या हाती फुलं द्यायला भिंगरी वळली, एक पाऊल टाकलं, कॉलरला हात घातला आणि खाली बसली. बसली तेव्हा लोक हसले, त्यांना वाटलं पाय अडकला. मग ती आडवी झाली. कुणीतरी ओरडलं, "गळा मोकळा करा!" ताई धावली. तो हुक कसा निघतो हे तिथे फक्त तिला माहीत होतं.

दवाखान्यात तिच्या छातीला तारा लावल्या. हृदय धावत होतं आणि मध्येच अडखळत होतं, पडद्यावरची रेघ ताईलाही वेडीवाकडी दिसत होती. रक्त गेलं, अहवाल आले, आणि ज्या डॉक्टरबाई आत आल्या, त्या ताईच्याच निघाल्या. त्यांनी भिंगरीचे डोळे पाहिले, तिला हात पुढे पसरायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो कसा थरथरतो ते पाहिलं, गळ्यावर नळी ठेवून ऐकलं.

"हिची थायरॉईड अतोनात जोरात चाललीये," त्या आईला म्हणाल्या. "मेंदूखालची मालकीण केव्हाच गप्प बसलीये, पण ग्रंथी ऐकायला तयार नाही. रोगांशी लढणारे शरीरातलेच सैनिक तिला चाबूक मारतायत. थोरलीच्या शरीरात त्याच सैनिकांनी ग्रंथी मारून टाकली, हिच्या शरीरात ती पिटाळतायत. एकाच घरातला आजार आहे हा. दोन बहिणींना दोन तोंडांनी आलाय."

ताईने तो शब्द पुन्हा मनात म्हटला. एकाच घरातला. म्हणजे ती ज्यावर जळत होती ते रूप नव्हतं, नशीब नव्हतं, तिचाच आजार होता तो, उलटा करून घातलेला. आजाराचा कुणी हेवा करतं का? तिने केला होता, महिनोन्महिने, जेवताना आणि झोपताना.

"बरी होईल ना?" आईने विचारलं.

"गोळ्यांनी होईल. हृदय आधी शांत करू. वजन परत भरेल, डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागेल. पण अजून थोडे दिवस गेले असते तर मी हे इतक्या सहज बोलले नसते." बाईंनी भिंगरीकडे वळून विचारलं, "कुणाला दाखवलं नाहीत का आधी? छाती धडधडत असेल ना?"

"दाखवलं ना," भिंगरी म्हणाली. आवाज थकलेला, पण तोच उत्साह. "हॉटेलच्या डॉक्टरांना. उद्घाटनाच्या दोनच दिवस आधी. त्यांनी विचारलं होतं, मान सुजल्यासारखी वाटते का, कपडे गळ्याला घट्ट होतात का? मी म्हटलं, डॉक्टर, माझे कपडे माझी ताई शिवते. एक कॉलर घट्ट झाली होती, पण ते बकरम आटलं होतं. मान वाढली असती तर तिला सगळ्यात आधी कळलं असतं, आणि तिने मला सांगितलं असतं. मग ते म्हणाले, दगदगीने होतंय, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या."

डॉक्टरबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी ताईकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं, माहिती हवी म्हणून. "तुम्ही शिवता ना? गळा कधीपासून वाढलाय, काही अंदाज? मला औषध ठरवायला उपयोग होईल."

खोलीत आई होती, पलंगावर भिंगरी होती. ताईने मान हलवून "काही लक्षात नाही आलं" म्हटलं असतं, तर तिघींनी विश्वास ठेवला असता. मास्तरांची शिकवणसुद्धा तिच्या बाजूने उभी राहिली असती: मानेचं माप कोण पुन्हा घेतं?

"मी मोजला होता," ताई म्हणाली. "जॅकेटच्या ट्रायलला. बोटभर वाढला होता. हिने पाणी प्यायलं तेव्हा आत हललेलंही दिसलं मला."

"मग?" आई म्हणाली.

"मला कळलं होतं."

"पण बकरम..." भिंगरी म्हणाली.

"बकरम आटलं नव्हतं."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हळूच बाहेर गेल्या. आई ताईकडे बघत होती, जणू दारात कुणी अनोळखी बाई आलीये आणि तिला आत घ्यावं की नाही हे ठरत नाहीये. भिंगरीने "का?" असं विचारलं नाही. तिला ते विचारायची गरज पडली नसावी. ढब्बू दोघी होत्या, तेव्हापासूनची ओळख होती त्यांची.

मग भिंगरी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "पाणी दे."

ताईने ग्लास भरला. भिंगरीने तो थरथरत्या हातात घेतला, ताईला पलंगाजवळ उभं राहायला लावलं, आणि मान वर करून सगळं पाणी प्यायली, सावकाश, एकेक घोट. प्रत्येक घोटाला ते मऊ रुंद काहीतरी वर सरकत होतं आणि खाली येत होतं.

"बघ," ती म्हणाली. "आता नीट बघून घे."